टुपाकसारखं पाहिजे, ताई

विक्रोळीत माझा छोटा स्टुडिओ आहे. पूर्वी त्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान होतं. भजनी मंडळांचे अल्बम, प्रचाराची गाणी, हळदीला वाजवायची गाणी, थोडं डबिंग, असं सगळं मी करते. पण हल्ली निम्म्याहून जास्त वेळ रॅपवाली पोरं खातात. २०१९ साली 'गली बॉय' आला त्याच्या आधीही पोरं यायची, पण लपूनछपून. सिनेमानंतर काहींच्या आया सोबत येऊ लागल्या आणि रेकॉर्डिंगचे पैसे त्याच देऊ लागल्या.

कसं गाणं हवंय विचारलं की चारातला एक तरी म्हणतो, "टुपाकसारखं पाहिजे, ताई." अमेरिकन रॅपर टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगासमध्ये गेला. त्याच्या सहा दिवस आधी भर रस्त्यात गाडीवर झालेल्या गोळीबारात तो जखमी झाला होता. वय पंचवीस. हे मागणं घेऊन येणाऱ्या पोरांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता, कित्येकांच्या आईबापांची लग्नंसुद्धा झालेली नव्हती. तरी हवा तो टुपाकच. मग मी विचारते, टुपाकसारखं म्हणजे काय रे? कपाळावर रुमाल, खरखरीत आवाज, कुणाच्या बापाला न भिण्याचा भाव, अशी उत्तरं येतात. यातलं एकही माइकने पकडता येत नाही. जे माइकने पकडलं ते मी कॉलेजात असल्यापासून ऐकत आले आहे. भावाने फुटपाथवरून आणलेल्या कॅसेटपासून ते आजच्या हेडफोनपर्यंत. रेकॉर्डिस्ट म्हणून त्यातून जे हाती लागलं ते लिहिते.

१. तो नाटकातून आला होता

पोरांची ठाम समजूत असते की रॅप आतून येतो, शिकायचा नसतो. मग दुसऱ्याच ओळीत दम लागतो आणि तिसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द गिळला जातो.

टुपाकने बाराव्या वर्षी हार्लेममधल्या एका नाटकमंडळीत काम सुरू केलं. 'अ रेझिन इन द सन' या नाटकात घरातल्या मुलाची भूमिका केली, तीही अपोलो थिएटरच्या रंगमंचावर. पुढे बाल्टिमोर स्कूल फॉर द आर्ट्समध्ये अभिनय, कविता, जॅझ, बॅले. ज्याच्या छातीवर गोंदलेली अक्षरं पाहून अमेरिकेतले आईबाप दचकायचे, तो पोरगा शाळेच्या 'नटक्रॅकर' बॅलेत उंदरांचा राजा झाला होता आणि शेक्सपिअर आवडीने वाचत होता. १९८८ साली कुटुंब कॅलिफोर्नियात मरिन सिटीला गेलं. तिथे लैला स्टाइनबर्ग नावाच्या बाईंच्या कवितावर्गात तो जाऊन बसायचा. मग डिजिटल अंडरग्राउंड या गटात सामान वाहायचं, मागे नाचायचं. स्वतःचा पहिला अल्बम निघाला तो १९९१ च्या शेवटी. म्हणजे माइकसमोर एकटा उभा राहण्याआधी त्याची कितीतरी वर्षं तालमीत गेली होती.

हे कानाला कळतं. ओळीतला नेमका एक शब्द तो ताणतो, बाकीचे पटापट टाकून देतो. राग आला तरी व्यंजन पुसट होत नाही. रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत बोलायची सवय लागलेला माणूस आहे हा.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी बीट लावत नाही. उभं राहून वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायचा. पोरं वैतागतात. माळकरी घरातला एक पोरगा आला होता, लहानपणापासून आजोबांबरोबर काकड्याला उभा राहिलेला. त्याने अख्खा परिच्छेद असा वाचला की श्वास कुठे घेतला हे मला स्क्रीनवरच्या रेषेत शोधावं लागलं. त्याला टुपाक ठाऊकही नव्हता, मित्राला सोबत म्हणून आला होता. आज तो मित्र बीट बनवतो आणि हा रॅप करतो.

२. आवाज जाड होतो तो दुसऱ्या वेळेला

हा माझ्या धंद्याचा भाग, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

'टुपाकसारखा आवाज' मागणारे मला बेस वाढवायला सांगतात. वाढवून दिला की आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा होतो. टुपाकचा आवाज मुळात फार खर्जातला नव्हताच. तो भारदस्त वाटतो कारण एकच कडवं त्याने दोनदा, कधी तीनदा म्हटलेलं असतं. आधी पूर्ण कडवं एका ट्रॅकवर. मग ते हेडफोनमध्ये ऐकत तेच कडवं पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर. त्याच्यावर अधूनमधून नुसत्या हाळ्या आणि ओळीअखेरचे ठोसे. याला आम्ही डबल घेणं म्हणतो. दोन टेक एकमेकांवर पडतात, पण माणूस यंत्र नसल्यामुळे तंतोतंत पडत नाहीत. एक अक्षर किंचित आधी, एक किंचित नंतर, सूर थोडा वर, थोडा खाली. त्या फटीतून जाडी येते. हुशार पोरं म्हणतात, "ताई, एवढा उपद्व्याप कशाला, पहिलाच टेक कॉपी करून खाली चिकटवा ना." चिकटवून दाखवते. आवाज मोठा होतो, जाड होत नाही.

आता गंमत अशी की डबल घ्यायला कडवं पाठ लागतं. कन्नमवार नगरचा एक पोरगा मोबाइलवर बघून म्हणायचा. पहिला टेक ठीक आला. दुसऱ्याला तिसऱ्या ओळीपाशी अंगठ्याने स्क्रीन सरकवायला तो एक क्षण थांबायचा आणि तिथे दोन आवाजांची अशी फाटाफूट व्हायची की दोन माणसं भांडतायत असं वाटावं. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. शेवटी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवायला लावला आणि बूथमधला दिवा घालवला. अंधारात त्याने अख्खं कडवं एका दमात म्हटलं, एक शब्द बदलला, आणि बदललेला शब्द जास्त चांगला होता. मग पहिला टेकच पुन्हा घ्यावा लागला, त्या नव्या शब्दासकट. बाहेर येऊन स्वतःचाच आवाज ऐकताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

३. वेगाचा नाद नको

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये टुपाक चौदा लाख डॉलरच्या जामिनावर तुरुंगातून सुटला आणि जवळजवळ थेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत पोहोचला. पुढच्या फेब्रुवारीत 'ऑल आइझ ऑन मी' बाजारात होता. दोन सीडी, २७ गाणी. १९९६ च्या ऑगस्टमध्ये मॅकियाव्हेली या नावाने केलेला अल्बम तर तीन दिवसांत लिहून-म्हणून झाला आणि चार दिवसांत मिक्स. नावातच 'सात दिवस' आहे.

हे ऐकलं की पोरांना वाटतं, लिहायलाच नको, बूथमध्ये गेलं की सुचतं. पण सतरा-अठरा वर्षांचा असल्यापासून त्याने कवितांच्या वह्या भरल्या होत्या. त्यातल्या कविता मृत्यूनंतर, १९९९ साली, पुस्तकरूपाने आल्या. वेगाच्या मागे एवढा साठा होता. त्याला मरण दिसत होतं म्हणून तो घाईत होता, ही कथा मला फारशी पटत नाही. जामिनाचं ओझं, कंपनीशी झालेला करार आणि कोर्टकचेऱ्यांचा खर्च, एवढं डोक्यावर असलं की कुणीही रात्रीचा दिवस करील. आणि एक खासगी मत: त्या दोन सीडींपैकी दुसरी निम्मी काढून टाकली असती तरी चाललं असतं.

४. 'सिस्टिम' नको, नाव सांग

नव्या पोरांच्या वहीत हमखास येणारा शब्द म्हणजे सिस्टिम. सिस्टिम खराब आहे, सिस्टिमला जाळू, सिस्टिम घाबरली. मी विचारते, कोण? कुठल्या खिडकीवरचा माणूस? तिथे गाडी अडते.

टुपाकचं पहिलं गाजलेलं गाणं, 'ब्रेंडाज गॉट अ बेबी', एका बातमीतून आलं. न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रात त्याने एका बारा वर्षांच्या मुलीची बातमी वाचली. चुलतभावापासून तिला मूल झालं आणि ते तिने कचऱ्यात टाकलं. तेव्हा तो एका सिनेमात काम करत होता. गाण्यात त्याने तिला एक नाव दिलं, घर दिलं, नशेत बुडालेला बाप दिला, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मुलीचा पाठलाग केला. मधे ध्रुवपद येऊन थांबवत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही मान वळवता येत नाही. विसाव्या वर्षी केलेलं काम आहे हे.

लताशा हार्लिन्सचंही तसंच. १६ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानात संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून वाद झाला आणि दुकानदारीणबाईने या पंधरा वर्षांच्या मुलीला पाठमोरी असताना गोळी घातली. रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी झोडपल्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. दुकानदारीणबाई दोषी ठरली, पण तुरुंगात गेली नाही. दंड, समाजसेवा आणि देखरेखीवर सुटका. टुपाकने १९९३ चं 'कीप या हेड अप' हे गाणं या मुलीच्या स्मृतीला अर्पण केलं आणि नंतरही अनेक गाण्यांत तिचं नाव घेत राहिला. कोर्टाच्या फाइलीत जी मुलगी एक प्रकरण होऊन राहिली असती, तिचं नाव आज तीस वर्षांनी विक्रोळीतल्या मुलांना ठाऊक आहे. रॅपरच्या हातात दुसरी कसली ताकद असते, मला माहीत नाही. ही असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने पाणी या विषयावर लिहून आणलं होतं. छान छान शब्द होते, जीवन वगैरे. मी म्हटलं, तुमच्या चाळीत पाणी किती वाजता येतं? म्हणाली, पहाटे सव्वाचारला, आणि आई सव्वातीनपासून जागी असते कारण वरच्या मजल्यावरच्या काकू आधी मोटर लावतात. त्या काकूंवर तिने लिहिलं. आजवर माझ्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेल्या गाण्यांत माझं सगळ्यात आवडतं ते. त्या काकूंनाही आवडलं असं ऐकते, मोटर मात्र अजून लागतेच.

५. पँथर घरात असावा लागतो

टुपाकच्या आईला, अफेनी शकूर यांना, १९६९ साली ब्लॅक पँथर संघटनेच्या इतर वीस जणांसोबत न्यू यॉर्कमध्ये आरोपी केलं होतं. बॉम्बस्फोटांचा कट वगैरे दीडशेहून जास्त आरोप. अफेनींनी वकील न घेता स्वतःचा खटला स्वतः लढवला, साक्षीदारांच्या उलटतपासण्या घेतल्या. मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले. १६ जूनला टुपाकचा जन्म झाला. म्हणजे सुनावणी चालू असताना तो आईच्या पोटात होता. पुढे स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या पेरूच्या बंडखोराचं नाव तिने मुलाला दिलं.

माझे मामा १९७२ नंतर मुंबईतल्या दलित पँथरच्या मोर्च्यांत चालले होते. वरळी, नायगाव, त्या काळच्या सभा, सगळं त्यांच्या बोलण्यात यायचं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह त्यांच्याकडे होता, कव्हर सुटलेला. भावाची टुपाकची कॅसेट ऐकून त्यांनी विचारलं होतं, हा एवढा कुणावर ओरडतोय? मी आईची गोष्ट सांगितली. ऑकलंडमध्ये १९६६ साली निघालेल्या ज्या पँथरवरून इथल्या पोरांनी नाव घेतलं, त्याच पँथरमधल्या बाईचा मुलगा, हे कळल्यावर मामा खुर्ची ओढून बसले. इंग्रजी फारसं कळत नव्हतं. तरी बाजू संपेपर्यंत ऐकलं, आणि म्हणाले, हा आपल्यातलाच दिसतोय, पण ह्याच्या बरोबर मोर्चा कुठे आहे?

या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. टुपाकच्या वाट्याला पँथरांची भाषा आली, संघटना आली नाही. तो मोठा होईपर्यंत पँथर मोडली होती, नेते तुरुंगात नाहीतर परागंदा होते, आई क्रॅकच्या व्यसनात सापडली होती. मागे मोर्चा नसला की एकट्या माणसाच्या आवाजावर सगळ्यांचा भार येतो. आपल्याकडे शाहिराच्या मागे निदान झीलकरी असतात, पुढे चळवळ असते. अमरावतीचा १००आरबीएच किंवा 'स्वदेसी' या गटाचा एमसी मवाली यांचं मराठी रॅप ऐकताना मला ते बरं वाटतं. ती गाणी एकटी उभी नाहीत, त्यांच्या पाठीशी आंबेडकरी जलशांपासूनची माणसं आहेत.

६. कोर्टाचा निकाल पोरांपासून लपवू नये

नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात घडलेल्या घटनेवरून एका तरुणीने टुपाक आणि त्याच्या सोबत्यांविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर १९९४ मध्ये ज्यूरीने त्याला लैंगिक अत्याचाराच्या आरोपात दोषी धरलं. त्याहून गंभीर आरोपांतून तो सुटला. शिक्षा झाली दीड ते साडेचार वर्षांची. निकालाच्या आदल्या रात्री टाइम्स स्क्वेअरच्या स्टुडिओत त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि कोर्टात तो व्हीलचेअरवर आला. त्याने गुन्हा कधी मान्य केला नाही.

पोरांना व्हीलचेअर माहीत असते, गोळ्या माहीत असतात. कलम माहीत नसतं. 'केसमध्ये अडकवलं' एवढंच ऐकलेलं असतं. मी पूर्ण सांगते. एका पोराने मला विचारलं, मेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं? मी म्हटलं, मेलेल्या माणसाची गाणी तू रोज उकरतोस की.

पण खरा प्रश्न मुलींकडून येतो. पाण्याचं गाणं लिहिणारी तीच मुलगी. 'कीप या हेड अप' तिला तोंडपाठ होतं. बायकांनी मान ताठ ठेवावी असं सांगणारं, एकट्या आयांच्या बाजूने उभं राहणारं ते गाणं हॉटेलातल्या त्या घटनेच्याच वर्षीचं. तिने विचारलं, "ताई, मग हे खोटं बोलत होता का तो?"

खोटं नव्हतं असं मला वाटतं, आणि त्यामुळे सुटका होत नाही असंही वाटतं. उलट जास्त जड होतं. ज्याला काहीच कळत नाही त्याला माफ करणं सोपं. याला कळत होतं, आणि इतक्या नीट शब्दांत कळत होतं की तीस वर्षांनी मुली ते शब्द पाठ करतात. कला वेगळी आणि कलावंत वेगळा, असं सांगून मोकळं होणारे लोक मी पाहिले आहेत. ते बहुधा अशा मुलीच्या समोर बसलेले नसतात. आम्ही दोघींनी ते गाणं पुन्हा ऐकलं, सगळं माहीत असताना. ती म्हणाली, गाणं मी ठेवते, पोस्टर काढते. घरी जाऊन काढलंही. पुढच्या आठवड्यात तिने टुपाकला उद्देशून एक कडवं आणलं. सुरुवातीला त्यात 'पाक दादा' होतं. चौथ्या ओळीपर्यंत तो 'अरे तू' झाला होता. मी काही सुधारलं नाही, नुसती लेव्हल लावली.

७. भांडणाचा हिशेब

टुपाकनंतर सहा महिन्यांत, ९ मार्च १९९७ ला, त्याचा प्रतिस्पर्धी रॅपर बिगी गेला. चोविसाव्या वर्षी, तसाच, गाडीत बसलेला असताना. दोघे एकेकाळी मित्र होते, मग वैरी झाले. टुपाकच्या खुनात पहिली अटक झाली २०२३ साली. सिएरा लिओनच्या यादवीत बंडखोर टुपाकचं चित्र असलेले टीशर्ट घालून गावांवर चालून गेले होते. हा हिशेब डोक्यात असतो, म्हणून डिस ट्रॅक, म्हणजे एकमेकांना झोडपणारी गाणी, रेकॉर्ड करायला दोन गट एकाच आठवड्यात आले तर मी वेळा मुद्दाम लागोपाठच्या देते. बाहेरच्या बाकावर त्यांना एकत्र चहा प्यावा लागतो.

८. कागद वाच

१९९५ साली टुपाक तुरुंगात असताना त्याच्या नव्या कंपनीशी करार झाला तो हाताने लिहिलेल्या काही पानांवर. त्याच वर्षी, तो आत असताना, त्याचा 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर होता. यादीत पहिला आणि जामिनाला पैसे नाहीत, असा प्रकार. तो वारल्यावर अफेनींना मुलाच्या अप्रकाशित गाण्यांसाठी कंपनीशी कोर्टात झगडावं लागलं. व्यसनातून उठलेली, एकेकाळी स्वतःचा खटला लढवलेली ही बाई याही वेळी मागे हटली नाही. तिने स्वतःची संस्था काढली, टेप परत मिळवत गेली. जिवंतपणी टुपाकचे स्वतःच्या नावावर चार अल्बम आले होते. मरणोत्तर त्याहून जास्त निघाले. आईवर लिहिलेलं 'डिअर मामा' २०१० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत घेतलं. २०१६ साली अफेनी वारल्या.

इथे पोरं व्हॉट्सॲपवर 'ओके भावा' म्हणून गाणं देऊन टाकतात. बीट कुणाची, शब्द कुणाचे, मास्टर कुणाकडे, काही लिहिलेलं नसतं. मग गाणं चाललं की बोंब. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद होता येतं, हे सांगितलं की पोरं जांभया देतात. मी सांगत राहते. आया नीट ऐकतात.

९. मेलेल्याला बोलायला लावू नये

१५ एप्रिल २०१२ ला कोचेला महोत्सवात स्नूप डॉग आणि डॉ. ड्रे यांच्या कार्यक्रमात टुपाक स्टेजवर 'अवतरला'. सगळे त्याला होलोग्राम म्हणाले. प्रत्यक्षात जुन्या नाटकवाल्यांची युक्ती होती ती, तिरप्या पारदर्शक पडद्यावर पडणारं प्रतिबिंब. त्याच वर्षी गुजरातच्या निवडणुकीत अशाच तंत्राने एकाच वेळी अनेक गावांत भाषणं झाली, म्हणजे आपल्याकडे हे पोहोचायला वेळ लागला नाही. त्याआधी २००४ च्या एका मरणोत्तर अल्बममध्ये एमिनेमने टुपाकच्या जुन्या टेकमधली अक्षरं कापून-जोडून त्याने कधीच न उच्चारलेली नावं त्याच्या तोंडी घातली होती. ते काम मी अनेकदा ऐकलं आहे. जोड लपवायची कारागिरी आहे, पण ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो चांगल्या अर्थाने नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ड्रेकने केंड्रिक लमारशी चाललेल्या भांडणात यंत्राने बनवलेला टुपाकचा आवाज वापरला. वारसांच्या वकिलांची नोटीस आली आणि गाणं काढून घ्यावं लागलं.

याच केंड्रिकने २०१५ साली दुसरं काहीतरी करून दाखवलं होतं. तो कॉम्प्टनचा. लहानपणी बापाच्या सोबत टुपाकच्या 'कॅलिफोर्निया लव्ह'चं चित्रीकरण त्याने पाहिलं होतं. त्याच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय' अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तो टुपाकशी गप्पा मारतो. टुपाकची उत्तरं १९९४ साली एका स्वीडिश पत्रकाराने घेतलेल्या खऱ्या मुलाखतीतली आहेत. प्रश्न केंड्रिकचे, उत्तरांना धक्का न लावता मधे बसवलेले. शेवटी केंड्रिक त्याला काहीतरी वाचून दाखवतो, मत विचारतो, आणि तिथे उत्तर येत नाही. तो हाका मारत राहतो. उत्तर बनवून घालणं त्याला काय कठीण होतं? नाही घातलं. टुपाककडून काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे इतकं नेमकं दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही. ही जागा पोरांना ऐकवते तेव्हा हेडफोन देत नाही, मोठ्या स्पीकरवर लावते.

दोन वर्षांमागे एका गणपती मंडळाची पोरं आली. आगमन सोहळ्याला टुपाकच्या आवाजात मराठी घोषणा हवी होती, मोबाइलवर ॲप होतंच, मी फक्त साफ करून द्यायचं. नाही म्हटलं. दुसरीकडून करून घेतलं त्यांनी, आणि दहा दिवस आमच्याच नाक्यावर ते वाजत राहिलं. त्या टुपाकला 'ळ' म्हणता येत नव्हता.

मार्च २०२२ मध्ये 'स्वदेसी'चा एमसी तोडफोड, धर्मेश परमार, चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत रॅप करायचा. त्या आठवड्यात आलेल्या पोरांचं कुणाचंच रेकॉर्डिंगमध्ये लक्ष नव्हतं, आणि मी माझ्या हार्डडिस्कवरची फोल्डरं बघत बसले होते. अर्धवट टेक, शिव्या, खोकला, चुकलेली कडवी, कुणाकुणाची. ह्याचा मालक कोण, उद्या काही झालं तर हे कुणाच्या हातात द्यायचं, कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना वाढवला आहे: माझ्या पश्चात अप्रकाशित टेकचा निर्णय कोण घेईल. पोरं आधी हसतात, मग पेन घेऊन बराच वेळ बसतात. बहुतेक जण आईचं नाव लिहितात. एकाने बायकोचं लिहिलं होतं, ते आईने वाचलं आणि माझ्यासमोरच दोघांची जुंपली. कन्नमवार नगरच्या त्या पोराने लिहिलं आहे: सगळं पुसून टाका, फक्त अंधारातला टेक ठेवा.